स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांना भेटायला घोळक्याने येऊ नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन आणि १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की नाशिकमधल्या वृद्धाश्रमांचे फोन वाजू लागतात. कॉलेजं, भिशी मंडळं, कंपन्यांचे सीएसआरवाले, मुलाचा वाढदिवस 'वेगळ्या पद्धतीने' करू पाहणारे आईबाप, सगळ्यांना आजी-आजोबांसोबत एक दिवस हवा असतो. हेतूबद्दल शंका नाही. पण ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, त्यांना या भेटींचा उपयोग कमी आणि त्रासच जास्त होतो. संस्थाचालक हे तोंडावर सांगत नाहीत, कारण देणगीदार दुखावतो. म्हणून या कामात असलेले आम्ही काही स्वयंसेवक आपल्या पत्रातून ते सांगतो आहोत. पत्र लांबलं आहे, पण अर्धवट माहितीवर या कामात पडणाऱ्यांचं आणि ज्येष्ठांचं, दोघांचंही नुकसान होतं.

तीस-चाळीस माणसं एकदम हॉलमध्ये शिरतात. सोबत स्पीकर, केक, टाळ्या, मोबाइलचे फ्लॅश. आपला मेंदू दहा आवाजांतून हवा तो एक निवडून घेतो. स्मृतिभ्रंशात ही निवड करण्याची ताकदच हळूहळू जाते आणि सगळे आवाज सारख्याच जोराने अंगावर येतात. त्यात कुणीतरी प्रेमाने वाकून विचारतं, "आजी, मला ओळखलंत का?" ओळखणार कशा? पहिल्यांदाच भेटताय. आजी कसनुसं हसतात, पदराचं टोक पिळत बसतात, नाहीतर उठून दाराकडे चालू लागतात. पाहुणे साडेबाराला ग्रुप फोटो काढून निघून जातात. सकाळी काय झालं ते आजींना आठवत नाही, पण जीव घाबरा झालेला असतो तो तसाच राहतो. दुपारचं जेवण नको होतं, संध्याकाळी चिडचिड वाढते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ती रात्र निभावायला एक-दोन मावशी असतात.

खाण्याचा प्रश्न याहून गंभीर. पाहुणे आपल्या गावचं कौतुक म्हणून द्राक्षं आणतात, चिवडा आणतात, कुणी हौसेने मिसळही करून आणतं. गिळण्याची क्रिया बिघडलेल्या माणसाला हे तिन्ही पदार्थ अडचणीचे आहेत. अख्खं द्राक्ष गोल आणि गुळगुळीत असतं. न चावता मागे सरकलं तर श्वासनलिकेचं तोंड बंद करू शकतं. द्यायचंच असेल तर बिनबियांचं, उभे चार तुकडे करून आणि साल जाड असेल तर सोलून द्यावं. चिवड्याचे कोरडे कण तोंडभर पसरतात, त्यांचा घास म्हणून गोळा होत नाही. मिसळ सगळ्यांत कठीण, कारण एकाच चमच्यात पातळ रस्सा आणि कडक शेव असते. रस्सा आधी घशाकडे धावतो, फरसाण तोंडातच राहतं आणि ठसका लागतो. मऊ वरण-भात, दाटसर खीर, कुस्करलेलं केळं हे त्या मानाने सोपं. भरवताना माणूस खुर्चीत सरळ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा घास, आणि तो गिळल्याचं दिसल्यावरच पुढचा. गालात घास धरून ठेवायची सवय अनेकांना लागते, म्हणून मधूनमधून तोंड उघडायला लावून बघावं. खोकला आला, किंवा आवाज घशात पाणी भरल्यासारखा ओला वाटू लागला तर तिथेच थांबायचं आणि घरच्यांना किंवा नर्सला सांगायचं. जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. नवख्या स्वयंसेवकाने भरवूच नये. जाणत्याने करून दाखवल्यावर आणि एकदा समोर करवून घेतल्यावरच ते काम हाती घ्यावं. मधुमेह असलेल्या आजोबांना पेढा देऊन "प्रसादाला नाही म्हणू नये" असं सांगणाऱ्यांपुढे मात्र आम्ही हात टेकले आहेत.

आमची मागणी साधी आहे. वर्षातून एकदा चाळीस जणांनी येण्याऐवजी एकाच माणसाने दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळी दोन तास यावं. आणि ते वृद्धाश्रमापेक्षा घरी जास्त हवं आहे. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यातले बहुतेक जण कुठल्याही संस्थेत नाहीत. ते नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या कामगाराच्या घरी आहेत, सिडकोतल्या दोन खोल्यांत आहेत, गंगापूर रोडवर मुलं परदेशी असलेल्या फ्लॅटमध्ये आहेत. सांभाळणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी बायको नाहीतर सून. तिला स्वतःचे गुडघे दाखवायचे असतात, बँकेत जायचं असतं, किंवा नुसतं दार लावून झोपायचं असतं. आठवड्याचे दोन तास म्हणजे महिन्याचे आठ तास तिला मिळतात. हे स्वयंसेवेचं पहिलं काम; ज्येष्ठांचं मन रमवणं त्याच्यासोबत होतंच.

माणसं कुठून आणायची? राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातले १६ तास शिकण्यासाठी काढले तर १०४ उरतात, म्हणजे ५२ आठवडे, दर आठवड्याला दोन तास. परीक्षा, दिवाळी, गावाला जाणं मध्ये येणारच. म्हणून एका घराला दोघांची जोडी द्यावी आणि दोघांचीही ओळख पहिल्या महिन्यातच करून द्यावी, नाहीतर बदली येणारा परका ठरतो आणि तो दिवस वाया जातो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात आहे, नर्सिंग आणि फिजिओथेरपी शिकणारी मुलंमुली इथे भरपूर आहेत. तरी आमचं मत विचाराल तर साठी-पासष्टीतले धडधाकट निवृत्त लोक विद्यार्थ्यांपेक्षा टिकाऊ. त्यांना घाई नसते, आणि जुन्या नाशिकच्या गप्पा त्यांच्याशी खऱ्याखुऱ्या होतात. वॉर्डावॉर्डातल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी ही नोंदणी हाती घेतली तर बाहेर शोधायची वेळच येणार नाही.

पहिल्या भेटीआधी घरच्यांकडून एक पानभर माहिती लिहून घ्यावी. नाव तर हवंच, पण कोणत्या हाकेला माणूस मान वर करतो ते महत्त्वाचं. निवृत्त शिक्षिकेला 'आजी' म्हटलं तर ती ढिम्म राहील आणि 'बाई' म्हटल्यावर लगेच बघेल. कुणी अण्णा, कुणी तात्या, कुणी फक्त माहेरच्या नावाला ओ देणारी. काय काम केलं, मूळ गाव कोणतं, चष्मा कधी लागतो, कोणत्या कानाने ऐकू येतं, काय खाल्लेलं चालत नाही, लघवीला साधारण किती वेळाने जावं लागतं, कशाची भीती वाटते, दोन नातेवाइकांचे आणि एका शेजाऱ्याचे फोन. आणि घरात पहिल्यापासून कोणती भाषा होती, हे विसरू नका. बागलाण, कळवण, मालेगावकडून येऊन नाशिकला स्थायिक झालेले अनेक जण नोकरीभर शुद्ध मराठी आणि हिंदी बोलले. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि अहिराणी उरते. मुंबईत वाढलेल्या सुनेला ती कळत नाही आणि "सासूबाई काहीतरी बडबडतात" असं वाटू लागतं. त्या घरात अहिराणी येणारा स्वयंसेवक पाठवला तर निम्मा गुंता सुटतो. कोकणी, उर्दू, गुजराती, सिंधी घरांनाही हेच लागू.

पहिल्या दोन-तीन भेटींत घरचं माणूस समोर असावं. मग त्याने वीस मिनिटं बाहेर जाऊन यावं, मग तासभर, मग पूर्ण वेळ. थेट दोन तासांवर उडी मारली की ज्येष्ठ घाबरतात आणि घरचेही दर पाच मिनिटांनी फोन करत राहतात.

आत आल्यावर समोरून जावं, मागून खांद्यावर हात ठेवू नये. डोळ्यांच्या पातळीला बसावं आणि आपलं नाव, कशासाठी आलो ते आपणच सांगावं, प्रत्येक वेळी नव्याने. टीव्ही बंद. एका वेळी एक छोटं वाक्य, आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजण्याइतका वेळ थांबणं. आपण सहसा तिसऱ्या सेकंदाला प्रश्न बदलून पुन्हा विचारतो, त्यामुळे समोरच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. "काय घेणार?" याला उत्तर सापडत नाही, "चहा की दूध?" याला सापडतं. "कालच तर सांगितलं", "आठवा बघू" हे शब्द टाळा. आणि माणूस समोर बसलेला असताना त्याच्या आजाराबद्दल घरच्यांशी बोलू नका. शब्द सुटले तरी स्वर आणि चेहरा त्यांना वाचता येतो.

"यांना काही समजतच नाही" असं ऐकलं की आधी कान आणि चष्मा तपासावा. श्रवणयंत्र बसवलेलं असतं, पण बॅटरी संपलेली किंवा नळीत मळ अडकलेला असतो. लहान यंत्रांतली झिंक-एअर बॅटरी साधारण आठवडाभर चालते. तिच्यावरची चिकटपट्टी काढून मिनिटभर हवेत ठेवायची आणि मग बसवायची. जुनी बॅटरी लगेच दूर टाकायची, कारण ती गोळीसारखी दिसते आणि गिळली तर घातक ठरते. चष्म्याच्या काचा पुसल्या, इतकंच केलं तरी काही जणांचं बोलणं वाढलेलं दिसतं.

दोन तास करायचं काय, हा सगळ्यांचा प्रश्न. बाजारातली लहान मुलांची कोडी, रंगांची पुस्तकं आणू नका; आयुष्यभर घर चालवलेल्या बाईच्या हाती खडू देणं अपमानाचं वाटतं, तिला आणि बघणाऱ्यालाही. हातांना वर्षानुवर्षं ठाऊक असलेलं काम द्यावं, कारण ते स्मरणशक्तीपेक्षा जास्त काळ टिकतं. वाती वळणं घ्या. समोर बसून "वाती वळा" असं सांगू नका. कापसाचा पेळू दोघांच्या मधे ठेवा, चिमूटभर कापूस त्यांच्या तळहातावर ठेवा आणि आपली वात वळायला घ्या. मिनिट-दोन मिनिटांत बोटं आपोआप चालू लागतात. वात वाकडी झाली, जाड झाली तरी त्यांच्यासमोर सरळ करायची नाही, आणि संध्याकाळी त्यातलीच एक देवापुढे लावायची. कापूस तोंडात जाऊ लागला तर तो उचलून ठेवावा आणि धुतलेल्या रुमालांच्या घड्या द्याव्यात. सात-आठ रुमाल पुरतात. ढीग बघून माणूस हबकतो. मेथी निवडणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, झेंडूची फुलं देठापासून वेगळी करणं हेही चालतं. मटार सोलताना शेजारीच बसावं, दाणे तोंडात किंवा नाकात जातात. विळी, अडकित्ता, सुई नको. पुरुषांसाठी घरातलं काम शोधणं जड जातं, कारण त्या पिढीतल्या पुरुषांनी ते केलेलंच नसतं. एचएएलच्या विमान कारखान्यात किंवा दुसऱ्या कारखान्यात हत्यारं हाताळलेल्याला मोठे नट-बोल्ट लावायला-काढायला द्या, शेतकऱ्याला कांदे मोठे-लहान वेगळे करायला, कारकुनाला जुनी वही आणि पेन.

लयीत बसलेलं सगळ्यांत शेवटी जातं. आरत्या, अभंग, जात्यावरच्या ओव्या, आणि ऐंशीच्या पुढच्यांना पाढे. नुसते बेचे पाढे नाहीत. अपूर्णांकांचेही: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आपल्याला येत नसतील तर पहिली ओळ म्हणा आणि थांबा. नातवाचं नाव न आठवणारे आजोबा पुढची ओळ म्हणून जातात. त्यावर "बघा, आठवतं की तुम्हाला!" असं ओरडू नका. गाणं संपल्यावर मधे शांतता आली तर तीही चालते, दोन तास बोलतच राहायला हवं असं नाही.

घरात नजर फिरवून दोन-तीन गोष्टी घरच्यांना सांगता येतात. दारात काळं पायपुसणं असेल तर ते खड्ड्यासारखं दिसतं, माणूस तिथे अडतो किंवा उडी मारायला जातो आणि पडतो. चकचकीत फरशी ओली वाटते. पांढऱ्या ताटलीत दहीभात वाढला तर तो दिसतच नाही आणि "जेवत नाहीत" अशी तक्रार होते. गडद एकरंगी ताटली घ्या. संडासाचं दार उघडं आणि आत दिवा लावलेला असला तर वाट सापडते. आरशातलं माणूस कोण म्हणून भांडण होत असेल तर आरसा झाका.

दुपारी चारनंतर सातपर्यंतची वेळ अवघड. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा असतो. "मला घरी जायचंय" हे वाक्य याच वेळी सुरू होतं, स्वतःच्या घरात बसूनही. "हेच तुमचं घर" असं पटवायला गेलात की भांडण ठरलेलं. "घरी कोण कोण आहे? अंगणात काय लावलंय?" असं विचारत त्यांच्यासोबत उठा, गॅलरीपर्यंत चाला, परत येताना चहाचं बोला. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, पडदे ओढा. आणि आधी लघवीला न्यायला सांगा. कपड्याशी चाळा, येरझाऱ्या, बसल्या जागी चुळबुळ यामागे कित्येकदा तेवढंच असतं, सांगता मात्र येत नाही. शौचाला नेणं आणि अंघोळ ही स्वयंसेवकाची कामं नव्हेत, त्यामुळे घरचं कुणी दोन तासांच्या मधे परत येणार नसेल तर ते आधीच ठरवून घ्यावं.

"माझे पैसे चोरले" हा आरोप स्वयंसेवकावरही होतो. बचाव करायचा नाही. "अरे, मग शोधूया" म्हणायचं आणि सोबत शोधायचं. बटवा पिठाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, देव्हाऱ्यामागे सापडतो, आणि त्या जागा माणसागणिक ठरलेल्या असतात, तेव्हा वहीत लिहून ठेवाव्यात. आपणच आधी शोधून हातात देऊ नये, नाहीतर चोर ठरतो तो आपणच. त्यांच्या हाताला लागू द्यावा. आपली स्वतःची पिशवी बाहेरच्या खोलीत ठेवावी. पैशाला, एटीएम कार्डाला, कोणत्याही कागदावरच्या सहीला हात लावायचा नाही, घरच्यांनी आग्रह केला तरी. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइल धरून उभं राहणं तेवढं चालेल, तेही घरचं माणूस शेजारी असताना. त्यात डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. तोंडी सूचना समजली नाही तर आपण समोर उभं राहून करून दाखवावी, ते नक्कल करतात. ऐंशी पूर्ण झालेल्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यामुळे नोव्हेंबरची गर्दी टाळता येते.

गणेशोत्सवाचं वेगळं लिहायला हवं. नाशिक ढोलाचा आपल्याला अभिमान आहे, पण मेनरोड, रविवार कारंजा भागातल्या जुन्या घरांत विसर्जनाच्या दिवशी स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाचे हाल होतात. आवाज कुठून येतोय, का येतोय हे कळत नाही, छातीत धडधडतं, काही जण पलंगाखाली लपायला बघतात. त्या दिवशी एक स्वयंसेवक चार तास मागच्या खोलीत बसला, खिडक्या लावून, ओळखीची चादर आणि हातात काहीतरी काम देऊन, तर वर्षभरातल्या कुठल्याही केकपेक्षा ती मदत मोठी. जमत असेल तर सकाळीच दुसऱ्या भागातल्या नातेवाइकांकडे हलवावं, पण फक्त ओळखीच्या घरी. अनोळखी घरात रात्र काढायला लावणं ढोलापेक्षा वाईट.

एक गोष्ट प्रत्येक स्वयंसेवकाने पाठ करावी. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत वाढतो. काल बरा असलेला माणूस आज सकाळी अचानक बरळू लागला, फार सुस्त झाला, नसलेली माणसं पहिल्यांदाच दिसू लागली, तर त्याला 'आजार वाढला' म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, शरीरात पाणी कमी पडणं, बरेच दिवस साचलेला बद्धकोष्ठ, नवीन सुरू झालेलं औषध, पडून डोक्याला लागलेला मार यांपैकी काही असू शकतं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. सर्दीच्या, खाजेच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिनसारखी औषधं असतात, ती गोंधळ वाढवतात. म्हणून पर्समधली गोळी "साधीच आहे" म्हणून देऊ नये. कोणतंही औषध देणं आपलं काम नाही. ज्यांना अजून निदानच झालेलं नाही, त्यांच्या घरच्यांना बी-१२, थायरॉइड तपासून घ्या आणि उदासीचा आजार नाही ना ते विचारा, एवढं मात्र सांगावं, कारण विसरभोळेपणाची ही कारणं उपचारांनी सुधारू शकतात.

आता हरवण्याविषयी. घराबाहेर पडलेला माणूस बहुधा भटकत नसतो, कुठेतरी निघालेला असतो: पहिल्या पाळीला प्रेसच्या गेटवर, पंचवटीतल्या पाडून टाकलेल्या वाड्याकडे, शाळा सुटायच्या वेळी मुलांना आणायला. म्हणून माहितीच्या कागदावर जुने पत्ते आणि कामाच्या वेळा लिहून ठेवाव्यात. माणूस दिसला नाही की आधी घर, गच्ची, जिना, बाथरूम, गाडीखालची जागा पाहावी; पंधरा मिनिटांत सापडला नाही तर ११२ ला फोन लावावा. तक्रारीसाठी २४ तास थांबावं लागतं ही निव्वळ अफवा आहे. रोज सकाळी मोबाइलवर पूर्ण उंचीचा एक फोटो काढून ठेवला तर आज अंगावर काय आहे हा प्रश्न उरत नाही. खिशातली चिठ्ठी फेकली जाते, त्यामुळे फोन नंबर कॉलरच्या किंवा ब्लाउजच्या आतल्या बाजूला कापडी पट्टीवर शिवावा. दाराला बाहेरून कुलूप घालून निघून जाऊ नये. आत काही पेटलं तर सुटका नाही.

२०२७ च्या सिंहस्थात हा प्रश्न शहरापुढे मोठ्या प्रमाणात येणार आहे. २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर ही अमृतस्नानं. आईवडिलांना शेवटचं स्नान घडवावं म्हणून कुटुंबं त्यांना रामकुंडावर आणणार. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात प्रशासनाने हे घालावं. हरवलेल्या माणसाच्या नावाने लाउडस्पीकरवर कितीही पुकारा केला तरी तो स्वतः येणार नाही. ते नाव आपलं आहे हे त्याला त्या गर्दीत उमगत नाही. म्हणून घोषणेत कपडे, उंची, चालण्याची ढब सांगावी, म्हणजे शेजारचा माणूस ओळखेल. सापडलेल्याने सांगितलेलं आडनाव माहेरचं असू शकतं, गाव पन्नास वर्षांपूर्वीचं असू शकतं, तेही टिपून घ्यावं. बायकांच्या हातावर नाव गोंदलेलं असेल तर बघावं, ते नवऱ्याचं किंवा भावाचंही असतं. चार पोलिसांनी घेरू नये. एकाने समोरून जाऊन नमस्कार करावा, चार पावलं त्यांच्याच दिशेने चालावं आणि मग हळूच वळवावं. सिटीलिंक शहर बसच्या चालक-वाहकांना आणि घाटावरच्या जीवरक्षकांनाही तासभराचं हे शिक्षण देता येईल. घरच्यांना आमचा सल्ला मात्र वेगळा: त्या तीन तारखा सोडून आणा, पहाटे आणा, किंवा गोदावरीचं पाणी घरी नेऊन अंघोळीच्या बादलीत घाला.

स्वयंसेवक निवडताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, ओळखीचा असला तरी. फोटो काढायचे नाहीत. ज्यांना समजून होकार देता येत नाही त्यांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणं गैरच, मग मजकूर कितीही भावुक असो. प्रत्येक भेटीनंतर वहीत चार ओळी: काय खाल्लं, काय केलं, कधी अस्वस्थ झाले, आधी काय घडलं होतं. जोडीतला दुसरा ती वाचूनच आत जाईल. घरच्यांना मार्गदर्शन हवं असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. सांभाळणारीचं स्वतःचंच मन खचलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर केव्हाही बोलता येतं.

येत्या १ ऑक्टोबरला ज्या मंडळांनी कार्यक्रम ठरवला असेल, त्यांनी हॉलचं भाडं आणि केकचे पैसे एका फिजिओथेरपिस्टच्या आणि एका नर्सच्या मानधनाला द्यावेत, आपल्याच सभासदांसाठी दोन शनिवार प्रशिक्षण ठेवावं आणि त्यातून टिकतील तेवढ्यांचीच नावं जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे द्यावीत. वीसजण आले आणि चारच टिकले तरी दोन घरांची सोय झाली.

कळावे,
आपले नम्र,
स्मृतिभ्रंश शुश्रूषेच्या कामातील काही स्वयंसेवक, नाशिक